बीजींची ओटी

आमच्या नीलाकाकूला घर घ्यायचं म्हटलं की आधी शेजारणी बघायच्या असायच्या. भिंती, खिडक्या, दाराची दिशा, सगळं नंतर. "भिंती मेल्या काय बोलतात? ओल लपवतात नुसती!" असं म्हणायची.

भालचंद्रकाका मार्च पंच्याण्णवला रिटायर होणार होता. दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर त्यानंतर थोड्याच महिन्यांत सोडायचं होतं. एकतीस वर्षं तिथे काढली आणि स्वतःच्या नावाचा खिळा म्हणून भिंतीत नव्हता. तेव्हा ज्याला त्याला नव्या वस्त्यांचं वेड लागलेलं. कोणी नोएडाला, कोणी गुडगावला, कोणी पप्पनकलांला. काकूला एकदा पप्पनकलांला नेलं. सगळीकडे धूळ, अर्धवट खांब आणि एक चहावाला. काकू गाडीतून उतरलीच नाही. "इथे मी कोणाकडे विरजण मागायला जाऊ? त्या खांबाकडे?"

तिला हवा होता करोल बागेतला, जुना, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जिना अरुंद, बाल्कनीत हात लांब केला तर समोरच्या बाईच्या वाळत घातलेल्या चादरीला लागेल. काका म्हणाला, "अगं, श्वास घ्यायला जागा नाही." काकू म्हणाली, "माणसांत श्वास घेता येतो हो, वाळवंटात नाही."

फ्लॅट बीजींच्या नावावर होता. सत्तरीच्या विधवा, फाळणीत लायलपूरहून आलेल्या. मुलगा हरीश त्यांना गुडगावच्या नव्या घरी नेणार होता. बयाना, म्हणजे विसार, दिला; कागद पुढच्या महिन्यात होणार होते. आणि इथेच काकूने तो घोळ घातला. बयाना दिला म्हणजे घर आपलंच, असं धरून तिने संक्रांतीचं हळदीकुंकू त्या घरात ठरवलं! बीजी अजून तिथेच राहत होत्या, बरं का. त्यांना काय कळलं देव जाणे, पण "हां हां, करो जी" म्हणाल्या.

काका कपाळाला हात लावून बसला. "अगं, सह्या व्हायच्यात अजून!"

"सह्या तुम्ही करा. माणसं मी करते."

अख्ख्या जिन्यातल्या बायका आल्या. स्टीलची चहाची गाळणी वाण म्हणून हातात पडल्यावर एकीने विचारलं, "बहनजी, आप बेचती क्या हो?" फुकट आहे म्हटल्यावर आणखी चौघी आल्या! तासाभरात काकूला नळाच्या वेळा, गळणारा पाइप, कोणाची सून माहेरी गेलीय, सगळं ठाऊक.

हळदीकुंकवाची कोयरी माझ्या हातात होती. मी तेव्हा कॉलेजात होते. बीजी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना वगळून मी पुढे गेले. आपल्याकडे तसंच करतात म्हणून केलं, आणि आज मला त्याची लाज वाटते. काकू मागून खाली मान घालून ओट्या भरत येत होती. गहू, हरभरे, बोरं, गाजराचे तुकडे. ओंजळ बीजींच्या ओढणीत पडली आणि मग तिला ओढणीचा पांढरा रंग दिसला.

"वहिनी, अहो..." आई पुटपुटली.

काकूने जीभ चावली. पण परत कशी घेणार? बीजी विचारत होत्या, "ये क्या है, पुत्तर?"

काकूचं हिंदी दिव्यच. "वो... लड़की मायके से खाली नहीं जानी चाहिए ना, इसलिए भरते हैं."

बीजी ओढणीला गाठ मारून बसून राहिल्या.

दहा दिवसांनी हरीश क्वार्टरवर आला, बयाना परत करायला. एका बिल्डरला ती जागा हवी होती आणि तो खूप जास्त देत होता. "अंकल, आप ही बताओ, मैं क्या करूँ?" हरीश गेला आणि काकू ओट्याशी उभ्या उभ्या रडली. तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. "आता या वयात कुठे जायचं गं?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती करोल बागेत गेली. भांडायला नाही, निदान विचारायला. दार बीजींनीच उघडलं. आत हरीश बसला होता. काकूने तोंड उघडायच्या आत बीजी त्याला म्हणाल्या, "मैं साइन नहीं करूँगी. सैंतालीस में मेरा मायका छूटा. उसके बाद पहली बार किसी ने मेरी झोली भरी है. मायका कोई बिल्डर को बेचता है?" मग काकूकडे वळल्या. "पर हर साल भरनी पड़ेगी."

"बिल्कुल," काकू म्हणाली.

सह्या झाल्या. काकू तिथे तेवीस वर्षं राहिली. बीजी दर संक्रांतीला गुडगावहून येत आणि जिन्यातूनच हाक मारत, "मैं आ गई!" मग आपल्याच जुन्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून गुळाची पोळी खात. मी कोयरी घेऊन सगळ्यांत आधी त्यांच्यापाशी जायचे. त्यांना कुंकू चालायचं नाही, हळदीचं बोट मात्र चालायचं. आजही जानेवारीत बोरं दिसली की मला तो जिना आठवतो.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात हरीशचा फोन आला. मी काकूकडेच होते, फोन मीच उचलला. बीजी पहाटे गेल्या होत्या.

"आंटी को दीजिए," तो म्हणाला. "हमारे यहाँ आख़िरी कपड़ा मायके से आता है."

काकूने कपाट उघडलं, कोरी साडी काढली, आणि आम्ही गुडगावला निघालो.