वहिनीच्या आठ बांगड्या

वहिनीच्या बांगड्या मी फोडल्या होत्या.

आज सकाळी वहिनी गेली. आता सांगून टाकते. पोटात ठेवून ठेवून कंटाळा आलाय.

(नात म्हणते, आजी, एवढी मोठी पोस्ट कोणी वाचत नाही. न वाचो.)

निजामाचं राज्य होतं. आम्ही शिरड शहापूरचे. मी दहा वर्षांची, हट्टी आणि लाडावलेली.

माझा दादा तापानं गेला तेव्हा वहिनी सोळाची होती. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. मग घरातून शेतात आणि शेतातून घरात, एवढंच तिचं जग.

पंचमीला गावातल्या पोरीबाया डोंगरातला धबधबा बघायला जायच्या. विधवेनं जायचं नाही. मी जेवणच सोडलं.

"वैनी येनार असंल तरच मी जाते."

आई वैतागली. वहिनीला म्हणाली, "जा बाई. पर तिथं नुसती बसून राहा. हिच्यावर ध्यान ठेव."

ती बसूनच राहिली होती. मीच तिला ओढून पाण्याखाली नेलं.

काय हसली ती! दादा गेल्यापासून मी तिचे दात पाहिले नव्हते.

बाहेर आलो तर सगळ्यांचीच कुंकवं धुऊन गेलेली. कोण सवाशीण, कोण विधवा, काही कळेना.

आम्ही दोघी मागं राहिलो, बाकीच्या पुढं निघून गेल्या. खाली वाटेवर बानूबी मणियारीण बांगड्यांची टोपली घेऊन बसली होती. ती औंढ्याकडची, आमच्या घरचं तिला काही माहीत नव्हतं. तिनं वहिनीचा ओला हात धरला.

"काहून गं, हात रिकामे? पान्यात वाढवल्या का समद्या? पंचमीला अशी न्हाई जाऊ द्यायची मी. माझ्याकडून घे."

वहिनीनं दुसरा हातही पुढं केला.



चार-चार हिरव्या. ओल्या हातावर सरसर चढल्या. बानूबीचं मापच असं, की चढलेली बांगडी परत उतरायची नाही.

वाटभर वहिनी हात हलवत चालली. मुद्दाम. किणकिण ऐकू यावी म्हणून.

गावाचं शिवार दिसलं आणि ती थांबली. बांगड्या ओढायला लागली. निघेनात. हात सोलवटला.

"वन्सं," ती म्हणाली. मी एवढीशी, तरी मला वन्संच म्हणायची. "माझ्यानं न्हाई फोडवत. तुमी फोडा."

"राहू दे ना वैनी. पदराखाली झाक."

"किती दिस झाकू? सासूबाईंनी बघितलं तर मला माहेरात बी जागा न्हाई."

मी दगड घेतला.

आठही फोडल्या. तिनं काचा वेचून बांधात पुरल्या.

घरी आईनं विचारलं, "काय केलंस तिथं?"

"बसून होते," वहिनी म्हणाली.

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पुढं मला आमच्याकडच्याच गोरेगावात दिलं. लग्नाआधी घरी मला बांगड्या भरत होते तेव्हा ती मागच्या खोलीत ज्वारी निवडत होती. उठून पाच मिनिटं तिच्याजवळ बसायला हवं होतं मी. बसले नाही. त्याची अजून लाज वाटते.

आज तिला आंघोळ घातली. मी नातीला बाजारात पिटाळलं, आठ हिरव्या काचेच्या घेऊन ये म्हणून.

कुणीतरी म्हणालं, "आजी, विधवेला?"

"हो. विधवेला."

चढल्या नाहीत. हात आखडले होते. बानूबी असती तर तिनं चढवल्या असत्या.

नात म्हणाली, "जरा जोर लावू का?"

नको म्हटलं. फुटतील.

तिच्या हातांखाली, छातीवर ठेवल्या. आठच्या आठ, अख्ख्या.

घर माणसांनी भरलंय. पण मला वन्सं म्हणणारं आता कुणी उरलं नाही.

वहिनी, सावकाश जा.

या वेळी वाटेत काही उतरवायचं नाही.