मी फोटो नको म्हणाले

"आ कर. अजून मोठा," डॉक्टर म्हणाले. मी केला. तसे ते दाराकडे वळून म्हणाले, "मॅडम, या ना आत. मिशरीचं तोंड कसं असतं, दाखवतो तुम्हाला."

मॅडम आल्या. मी खुर्चीत उताणी. दिवा थेट डोळ्यांत. तोंड वासलेलं, त्यात डॉक्टरांचा चिमुकला आरसा. मॅडमनी वाकून बघितलं, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाल्या, "ईऽऽ! मीच पाठवली हो हिला. आमची मासेवाली."

आमची मासेवाली! पाच वर्षं मी त्यांच्या बिल्डिंगचे तीन जिने चढत होते. बुधवारी आणि रविवारी, डोक्यावर टोपली घेऊन. मी त्यांना वहिनी म्हणायचे. थोड्याच वेळापूर्वी बाहेर बाकड्यावर त्या माझ्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. तेव्हा ओळख दाखवली नाही. मासिकात डोकं घातलं. आता माझ्या तोंडात बघायची वेळ आली तर ओळख निघाली.

तोंडात आरसा असला की माणसाला काही बोलता येत नाही. मी दिव्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "अजून हातसुद्धा लावला नाही, आणि रडते काय?"

मी सातवी शिकलेली. लिहायला बसले की शाळेतली भाषा येते, चिडले की घरची. दोन्ही माझ्याच. कुणाला खटकलं तर खटकू दे.

नव्वद सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. खाडीकडे आमची वस्ती. उरणच्या बाजूने पहाटे टेम्पो यायचा, त्यातली मासळी घ्यायची, पनवेलच्या बाजारात बसायचं, मग उरलेली टोपलीत घालून नवीन पनवेलच्या बिल्डिंगा चढायच्या. घरी आल्यावर घरचं होतंच. नवरा बोटीवर, आठ-आठ दिवस तोंड दिसायचं नाही. मी सव्वीस वर्षांची होते आणि कंबर साठीच्या बाईची. सकाळी उठतानाच दमलेली असायचे.

त्यात मला दिवस गेले होते. तिसरा महिना. याच्या आधी दोन वेळा पोटातलं गेलं होतं. दुसऱ्या वेळी तर बाजारात, बसल्या जागी. बाजूच्या बायकांनी लुगडं आडवं धरलं, तेवढाच आडोसा. त्यानंतर घरात मला कुणी वाईट बोललं नाही. पण कुणी माझ्याशी धड बोललंही नाही. हे तिसरं टिकलं पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. बाकी मला काही नको होतं.

आमच्यात पाचवा लागेपर्यंत ही गोष्ट तोंडातून काढायची नाही. सासूला ठाऊक, नवऱ्याला ठाऊक, बस. शेजारणीला नाही, बाजारात तर नाहीच नाही. दृष्ट लागते म्हणतात. दोनदा गेल्यावर मीसुद्धा मानायला लागले होते. उगाच कशाला विषाची परीक्षा, म्हणायचे.

फक्त वस्तीत येणाऱ्या नर्सबाईंना सांगितलं होतं. चूळ भरली की रक्त यायचं. त्यांनी माझा ओठ उचलून बघितला. म्हणाल्या, "हिरड्या फुगल्यात तुझ्या. दात साफ करून घे. मिशरी बंद कर. आणि दातांचा डॉक्टर एक्स-रे काढू म्हणाला, तर आत्ता नको म्हणायचं. तुझं दोनदा गेलंय. बाळंत झालीस की काढ." मी मान डोलावली. मिशरी काही सुटली नाही. ते माझं चुकलंच, मी ते कुणावर ढकलत नाही.

वहिनींच्या दारात मासे साफ करताना एकदा लाल थुंकले, ते त्यांनी पाहिलं. "आमच्या डॉक्टरांकडे जा, हात हलका आहे त्यांचा," म्हणाल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

जायच्या दिवशी बाजाराला सुट्टी दिली. डोक्यावरून न्हाले. हात लिंबू लावून तीनदा धुतले, कोपरापर्यंत. ठेवणीतली साडी नेसले. आणि डॉक्टरला दात दाखवायचे म्हणून तव्यावर तंबाखू भाजून ताजी मिशरी केली आणि दोन वेळा खसाखसा घासली. आता हसू येतं. पण आमच्या घरात दात घासायचे म्हणजे मिशरीच. माझी आय घासायची, सासू घासते. पारोशा तोंडाने डॉक्टरकडे कसं जायचं? स्वच्छ होऊन जायचं म्हणून मी दात आणखी काळे करून गेले. डॉक्टरांना वाटलं, ही धड तोंडही न धुता आली.

दवाखान्यात टेबलापाशी एक मुलगी होती, नावं लिहिणारी. वहिनींचा नंबर माझ्या आधी होता. ती मुलगी उठून त्यांच्यापाशी गेली, वाकून हळूच म्हणाली, "मॅडम, एक्स-रे आहे म्हणून विचारते हं. काही गोड बातमी वगैरे नाही ना?" वहिनी लाजल्या, हसल्या, नाही म्हणाल्या. आतलं दार अर्धं उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. मुलीने खिळ्यावरचा जाडजूड झगा काढून त्यांना घातला, गळ्यापासून मांड्यांपर्यंत. "किती जड गं!" वहिनी म्हणाल्या. "शिशाचा आहे मॅडम. यातून किरणं आत जात नाहीत."

मी बाहेर बसून सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, बरं झालं बाई, इथे विचारतात. मलाही विचारतील. सांगू हळूच तिच्या कानात. मी त्याचीच वाट बघत बसले.

वहिनी आपला फोटो धुऊन यायची वाट बघत दारापाशी थांबल्या. माझा नंबर आला. मुलगी टेबलावरूनच म्हणाली, "ए, जा आत. चपला बाहेर काढ." बाकी काही विचारलं नाही.

आणि मग तो आरसा, तो दिवा, तो रुमाल. माझं तोंड दाखवून झाल्यावर डॉक्टर मुलीला म्हणाले, "हिचेही सगळ्या दातांचे एक्स-रे घेऊ."

मी उठून बसले. "नाय. निस्ते दात साफ करा."

"का?"

का ते ओठावर आलं होतं. पण डॉक्टर पुरुषमाणूस, वहिनी उभ्या, मुलगी दारात. जीभच वळेना. मी म्हटलं, "आता नको. सहा-सात महिन्यांनी काढा."

"सहा महिन्यांनी काय, मुहूर्त आहे?" डॉक्टर हसले. वहिनी हसल्या. मुलगीही हसली. "एक्स-रेशिवाय मी दातांना हात लावत नाही. नियम आहे माझा."

"भीती वाटत असेल हो," वहिनी म्हणाल्या. "अडाणी असतात बिचाऱ्या."

"तंबाखू घासायची भीती नाही वाटत. फोटोची वाटते!"

हे मला लागलं, कारण हे खरं होतं. त्यांचं एक बोलणं खरं निघालं म्हणून बाकीचं सगळं ऐकून घेतलं.

मुलीने झग्याला हात घातला. "राहू दे," डॉक्टर म्हणाले. "वास बसेल त्याला." तिने तो परत खिळ्याला अडकवला.

लिंबाने धुतलेले माझे हात मांडीवर होते. मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का उठली नाहीस? नाही उठले. खोटं कशाला सांगू? नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. एकदा म्हटलं होतं, त्यावर सगळे हसले होते, आणि माझ्यात तेवढंच बळ होतं. जन्माची सवय. टोपली तिकडे ठेव म्हटलं, ठेवली. पाणी वरून ओतलं, ओंजळीने प्यायले. डॉक्टरांनी एक कडक चौकोनी फिल्म तोंडात सरकवली, ती हिरडीत रुतली. "अंगठ्याने दाबून धर. हलायचं नाही." धरली. माझ्याच अंगठ्याने. यंत्राचं नळकांडं गालाला येऊन टेकलं.

मग डॉक्टर दाराकडे गेले. "मॅडम, तुम्हीही बाहेर या. इथे उभं राहू नका." वहिनी लगबगीने गेल्या. मुलगी गेली. दार लोटलं गेलं. यंत्राच्या बटणाची वायर दाराच्या फटीतून बाहेर गेलेली होती.

खोलीत मी. आणि माझ्या पोटातलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. वहिनींनी तिथे क्षणभर उभंही राहायचं नव्हतं, आणि मी फिल्म तोंडात धरून बसायचं होतं, झग्याशिवाय. म्हणजे जपायचं कसं, ते यांना चांगलं ठाऊक होतं. विचारायचं कसं, तेही ठाऊक होतं. फक्त मला विचारायचं नव्हतं, मला जपायचं नव्हतं. आणि अडाणी म्हणे मी!

बटण दाबायच्या आत मी फिल्म तोंडातून ओढून काढली. तिला रक्त लागलं होतं. बाजूच्या ताटलीत टाकली. नळकांडं ढकललं आणि खाली उतरले. दार उघडलं तर तिघंही तिथेच.

"हललीस कशाला?" डॉक्टर खेकसले.

"मला दिवस गेलेत," मी म्हटलं. मोठ्याने. बाकड्यावरची माणसं ऐकत होती, ऐकू देत. "तिसरा म्हयना हाय. आधीचे दोन गेले. नर्सबाई बोलल्या फोटो नको, म्हणून मी तुमाला नको बोलले. तुमाला नको समजत नाय?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मग परत चढला. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"यांना इचारलंत. मला इचारलंत? यांना झगा घातलात, माझा वास बसतो. मग मला आत ठेवून तुमी सगळे भाईर कशाला आलात?"

ती मुलगी जमिनीकडे बघत होती. वहिनी म्हणाल्या, "अगं, निदान मला तरी सांगायचंस."

"पाच वर्सं तुमच्या दारात बसते मी, वयनी. माझं नाव काय, ते तरी ठावं हाय तुमाला?"

मी चपला घातल्या आणि निघाले.

दात तसेच काळे. घरापर्यंत चालत आले, पदराने तोंड पुसत. जिंकल्याबिंकल्यासारखं काही वाटलं नाही. उलट भीती वाटत होती. पाचवा लागायच्या आत, चारचौघांत, परक्या माणसांत बोलून बसले होते.

सासूने ऐकलं आणि कपाळाला हात लावून खालीच बसली. "अगो, भाईर कशाला बोललीस? आता काय झालं म्हंजे?"

"काय झालंच तर माझ्या बोलण्यानं नाय होणार," मी म्हटलं. "न बोलता दोनदा झालंच ना?" ती उठली आणि मला पाणी आणून दिलं.

मिशरीची डबी त्याच संध्याकाळी चुलीत टाकली. डॉक्टर हसले म्हणून नाही. नर्सबाईंनी सांगितलं, तेव्हाच टाकायला हवी होती. मिशरी तुटली म्हणून पुढे आठ दिवस डोकं ठणकत होतं.

वहिनींचे जिने बंद केले. दोन रविवार गेल्यावर निरोप आला, पापलेट घेऊन ये. मी उलटा निरोप पाठवला, बाजारात या. आल्या. ओल्या फरशीवर साडी सावरत उभ्या राहिल्या. "रागावलीस का गं माझ्यावर?" म्हणाल्या.

"कापून देऊ का अख्खी नेताय?" मी विचारलं.

मुलगी झाली मला. तुम्ही विचारणारच, म्हणून सांगते. पण ती झाली म्हणून मी बरोबर ठरले, असं कुणी म्हणू नका. ती नसती राहिली तरी माझं नको हे नकोच होतं. दाढा दोन गेल्या पुढे, साफ करायचं राहिलं ते राहिलंच. तो तोटा माझा, मी सोसला.

अजूनही दमलेलीच असते मी. पण बाजारातली कुठलीही बाई डॉक्टरकडे निघाली की हातातला कोयता बाजूला ठेवून तिला हे सांगते. आणि स्वतः गेले की आधी उभ्यानेच बोलते, मग बसते. मला विचारा, मी हो म्हणेन, मग हात लावा. ज्या खोलीतून तुम्ही स्वतः बाहेर पडता, तिथे मला न विचारता बसवाल, तर मी बसणार नाही.