कोच डंकनचे गफारभाई

हसायचं तर खुशाल हसा, पण मध्येच कोणी "मग तू ईशाला का नाही विचारलंस?" असं म्हणायचं नाही. एवढं कबूल असेल तरच सांगते. नाहीतर चहा घ्या आणि हवापाण्याच्या गप्पा मारू. मी केलेला घोळ साधासुधा नाही हो! भर सभेत, माइक हातात घेऊन, शंभरेक मराठी माणसांना उभं करून केलेला आहे.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, सिॲटलजवळच्या बॉथेलला राहायचो, दोन हजार चारच्या आसपास. माझी मुलगी ईशा दहा वर्षांची होती आणि सॉकर खेळायची. तिचे कोच होते डंकन. स्कॉटलंडचे. पूर्वी तिकडे प्रोफेशनल फुटबॉलर होते, मिडफिल्डला खेळायचे. आता बॉथेलच्या पावसात आमच्या पोरींना पळवत होते.

माणूस सोन्यासारखा. फक्त ते काय बोलतात हे मला कळायचं नाही. 'हॅलो' कळायचं. पुढचं सगळं तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखं. मी आपली "येस, येस" म्हणत मान हलवायची. ते हसले की हसायचं, गंभीर झाले की कपाळाला आठ्या घालायच्या. दोन सीझन निभावलं मी असं!

आणि मग आमच्या महाराष्ट्र मंडळाचा क्रीडा दिवस आला. अध्यक्ष सबनीस मीटिंगमध्ये म्हणाले, "यंदा बक्षीस समारंभाला खराखुरा खेळाडू पाहिजे. कोणाच्या ओळखीचा आहे का?"

गप्प बसावं ना माणसानं? नाही. माझा हात वर!

"इंडियाहून आलेले आईबाबा बरेच असतात," सबनीस म्हणाले. "त्यांच्यासाठी भाषण मराठीत सांगावं लागेल. तुला त्यांचं इंग्लिश नीट कळतं ना?"

आता काय उत्तर द्यायचं? दिवसभर टेक्ससच्या क्लायंटशी कॉलवर भांडणारी बाई मी. मी म्हटलं, "न कळायला काय झालं? इंग्लिशच तर आहे!"

तयारी म्हणून एका शनिवारी प्रॅक्टिस संपल्यावर मी डंकनना गाठलं आणि म्हटलं, तुमच्या करिअरबद्दल जरा सांगा ना. झालं! नळ सुटावा तसे सुटले ते. छत्रीखाली उभी राहून मी जीव कानात गोळा करून ऐकतेय. हळूहळू काही शब्द ओळखीचे वाटायला लागले. एक म्हणजे 'केन'. प्रत्येक वाक्याच्या शेवटी केन! म्हटलं, हा भाऊ असणार, नाहीतर जिवलग मित्र. मग 'डायना केन, डायना केन' असंही दोनचारदा आलं. अच्छा, म्हणजे वहिनी.

आणि दुसरा शब्द ऐकून तर मी उडालेच. गफार! "द गाफर धिस, द गाफर दॅट." चेहरा गंभीर करून ते सांगत होते, "द गाफर ड्रॉप्ट मी एव्हरी सॅटर्डे, ये केन."

म्हणजे बघा, ग्लासगोच्या कडाक्याच्या थंडीत कोणी गफार नावाचा भला माणूस या गरीब पोराला दर शनिवारी गाडीतून ड्रॉप करायचा! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. परदेशात आपलीच माणसं उपयोगी पडतात हो.

गाडीत बसल्यावर ईशानं विचारलंसुद्धा, "Aai, did you get all that?"

"म्हणजे काय! सगळं कळलं. मला इंग्लिश शिकवू नकोस."

तुम्ही कबूल केलंय. काही बोलायचं नाही!

मी सबनीसांना सांगितलं, सबनीसांनी गावाला सांगितलं. एका स्कॉटिश मिडफिल्डरला घडवणारा माणूस आपल्याकडचा होता, गफारभाई! मंडळात दुसरा विषयच राहिला नाही. कोणी म्हणे हैदराबादचे असणार, कोणी म्हणे नाही, मालेगावचे. माझा नवरा मिलिंद तेवढा म्हणाला, "यार, एकदा कन्फर्म कर ना त्यांना विचारून." मी म्हटलं, "तू गप्प बस. ऐकलंय कोणी, तू का मी?"

आणि मग एक दिवस जाधवकाकांचा फोन आला. काका कोल्हापूरचे, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. अपार्टमेंटमध्ये बसून बसून कंटाळलेले.

"पोरी, आमच्या तालमीच्या फुटबॉल टीममधी एक गफार हुता. काय खेळायचा म्हणून सांगू! मिडफिल्डलाच! पुढं बोटीनं विलायतेला गेला त्यो, पुन्हा पत्त्या न्हाई. त्योच असंल बघ!"

"असू शकेल हो काका," मी म्हटलं. का म्हटलं? कोणी विचारलं होतं मला? पण समोरचा माणूस इतक्या आशेनं बोलत असताना 'नाही' म्हणवत नाही हो!

समारंभ एका शाळेच्या जिममध्ये होता. बाहेर पोत्यांच्या शर्यती आणि लिंबू-चमचा, आत सतरंज्या, खुर्च्या आणि समोशांचा वास. जाधवकाका कोट घालून पहिल्या रांगेत बसलेले. ईशा मैत्रिणींबरोबर बाहेर. डंकन माइकशी उभे, शेजारी मी.

सुरुवात छान झाली. ते एक वाक्य बोलायचे, मी एक वाक्य मराठीत सांगायची. जे कळत नव्हतं तिथे मी आपल्या मनानं भर घालत होते. "गफारभाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखं सांभाळलं." टाळ्या. "केन आणि डायना पाठीशी खंबीर उभे राहिले." पुन्हा टाळ्या. डंकन दरवेळी जरा दचकून माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, आपल्या मराठीवर खूश आहेत.

मग त्यांचा आवाज खाली आला. गुडघ्यावर हात ठेवून ते काहीतरी बोलले, आणि शेवटी म्हणाले, "आय वॉज ग्रीटिन. ग्रीटिन ऑल नाइट."

मी आवाज चढवून सांगितलं, "निवृत्त होताना त्यांनी हसतमुखानं सगळ्यांना ग्रीट केलं. रात्रभर! एकेकाला भेटून!"

काय कडकडाट झाला म्हणून सांगू! दोनचार जणांनी शिट्या मारल्या. आणि डंकन? डोळे ओले झालेला तो माणूस या शिट्या मारणाऱ्या लोकांकडे असा बघत होता, की कुठे येऊन पडलो आपण! तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? छे!

तेवढ्यात जाधवकाका उठले. हात जोडून म्हणाले, "त्यांना इचार पोरी, गफार कुठं असतो आता?"

मी विचारलं, "सर, व्हेअर इज गफार नाऊ?"

"द गाफर?" डंकननी नाक मुरडलं. अंगठा जमिनीकडे करून म्हणाले, "डीड. इयर्स अगो."

"गेले," मी म्हटलं. त्या अख्ख्या दिवसात मी केलेलं हे एकमेव बरोबर भाषांतर!

जाधवकाका मटकन खाली बसले. चष्मा काढला. "गफाऱ्या," एवढंच म्हणाले आणि तोंडाला रुमाल लावला. मागच्या काकू मुसमुसायला लागल्या. कोणीतरी काकांना पाणी दिलं. आणि आमचे सबनीस! त्यांना असा प्रसंग म्हणजे पर्वणीच. माझ्या हातातून माइक ओढून घेत त्यांनी जाहीर केलं, "परदेशात मराठी मातीचं नाव उज्ज्वल करणाऱ्या गफारभाईंना आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

अहो, मराठी माती कुठून आली? हैदराबाद की मालेगाव हे तरी ठरलं होतं का? पण सगळे उभे राहिले. माना खाली. डंकननी इकडेतिकडे बघितलं आणि बिचारे तेही उभे राहिले.

आणि नेमकी तेव्हाच ईशा पाणी प्यायला आत आली.

"Aai, who died?" तिनं कुजबुजत विचारलं.

"श्श! गफारभाई. कोचचे गुरू."

"कोण?"

"अगं, तेच नाही का सारखं म्हणत? द गाफर, द गाफर!"

ईशानं माझ्याकडे असं पाहिलं, तसं मी माझ्या शत्रूकडेही पाहणार नाही. आणि त्या टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत ती किंचाळली, "Aai! Gaffer means COACH! Like, any coach!"

श्रद्धांजली तिथेच संपली.

"मग केन?" मी कसंबसं विचारलं.

"Ken means 'you know'! He says it all the time!"

"आणि डायना?"

"Dinna ken! 'I don't know!' There is no Diana!"

"बरं, पण रात्रभर ग्रीट करत होते ते तरी..."

"Greeting means crying, Aai. He hurt his knee and couldn't play anymore. He cried all night."

शेजारी सबनीसांच्या हातातला माइक चालूच होता. हे सगळं शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. रात्रभर रडलेल्या माणसासाठी आम्ही शिट्या मारल्या होत्या! जमीन दुभंगावी म्हणतात ना, तसं वाटलं. पण जिमची लाकडी जमीन चांगली मजबूत होती.

ईशानं डंकनना सगळं समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, मग त्यांनी बक्षिसांच्या टेबलाला दोन्ही हातांनी धरलं आणि असे हसले, असे हसले, की कप खाली पडायला लागले. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते बोलायचे, ईशा साध्या इंग्लिशमध्ये सांगायची आणि मी मराठीत. मान खाली घालून, एकही शब्द पदरचा न घालता.

खरी गोष्ट काय होती माहितीये? डंकन कोळशाच्या खाणीच्या गावातले. वडील, काका सगळे खाणीत. हा एकटा फुटबॉलमुळे वर आला, आणि क्लबच्या कोचनं दर शनिवारी त्याला टीममधून ड्रॉप केलं. गाडीतून नाही हो, टीममधून! दर शनिवारी मॅच बघायला वडील यायचे आणि मुलगा बेंचवर. आता बेंचवर बसणं म्हणजे काय, हे प्रोजेक्टविना दिवस काढलेल्या आमच्या आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. निम्म्या जिमनं सुस्कारा सोडला. मग एकदाची जागा मिळाली, नाव व्हायला लागलं आणि गुडघा गेला. पुढे इकडे येऊन छोट्या क्लबातून खेळले, तेही सुटलं. शेवटी पोरींना शिकवायला लागले. "इथे मी गॅफर आहे," डंकन म्हणाले. "आणि मी कोणालाही शनिवारी बसवून ठेवत नाही." हे मात्र खरं होतं. आमच्या ईशाला बॉल दिसला की ती बाजूला व्हायची, तरी दर मॅचला खेळायची!

यावेळी टाळ्या बरोबर जागी पडल्या.

"माझ्या गॅफरनं माझ्यासाठी दोन मिनिटं कधी काढली नाहीत," शेवटी डंकन म्हणाले, "आणि तुम्ही सगळे त्याच्यासाठी उभे राहिलात!"

मी जाधवकाकांपाशी गेले. म्हटलं, आता हा माणूस मला काय काय ऐकवणार!

"म्हंजी आमचा गफार मेला न्हाई?" काकांनी विचारलं.

"काका, तुमचा गफार मला माहीतच नाही हो! माफ करा."

"आगं पण मेला न्हाई न्हवं?"

"निदान आज तरी नाही."

"मग झालं तर!" काकांनी चष्मा चढवला. "आण तो समोसा हिकडं."

समोसा घेऊन ते थेट डंकनकडे गेले. काका अस्सल कोल्हापुरीत, डंकन अस्सल स्कॉटिशमध्ये. कागदी कप मांडून मिडफिल्डरनं कुठे उभं राहायचं यावर दोघांचा कडाक्याचा वाद चालू. मी मदतीला म्हणून पुढे झाले, तर काकांनी हातानंच मला बाजूला सारलं. "तू ऱ्हाऊ दे बाई. आमचं आमाला कळतंय."

डंकन रागावले नाहीत. ईशा त्यांच्याकडे आणखी बरेच सीझन खेळली, बॉलपासून लांब राहून.

मंडळानंही मला काढून टाकलं नाही. पुढच्या वर्षी एकमतानं, एकही हात खाली न राहता, मला पार्किंगची ड्यूटी दिली. सबनीस म्हणाले, "इथे काही बोलायचं नाही. फक्त हातानं दाखवायचं, गाडी कुठे लावायची ते."

मी दिवसभर इमानेइतबारे हातवारे केले. संध्याकाळी बघते तर टो ट्रक उभा! मी सगळ्यांना शेजारच्या चर्चच्या खाजगी पार्किंगमध्ये पाठवत होते. बाकीचे धावत जाऊन आपापल्या गाड्या काढून मोकळे झाले. उचलून नेली ती एकच.

मिलिंद फूटपाथवर उभा राहून बघत होता. त्यानं खिशातून आमच्या गाडीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.