भाऊंचा ट्राउट

दोन मुलांच्या बापाला मासा करून पाण्यात उभा करणारा माणूस सबंध आखातात एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू, म्हणजे भाऊ, निघावा हे माझं प्राक्तन. अल खोरच्या एकाच कंपाउंडमध्ये आम्ही राहायचो. भाऊंना नाद ट्राउटचा. हा मासा हिमाचलातल्या थंड नद्यांत, आणि भाऊ तिथे वर्षातून एकदा, रजेवर. संध्याकाळी पाण्यातून कॅडिस नावाच्या बारीक किड्यांचा थवा उठतो, तेव्हा ट्राउट दुसरं काही तोंडात घेत नाही. म्हणून भाऊ उशीतली पिसं आणि मेव्हणीच्या साडीचे दोरे गुंडाळून गळावर नकली किडे बांधत. तीन रजा गेल्या, माशांनी ढुंकून पाहिलं नाही.

मग दर शुक्रवारी सकाळी कंपाउंडच्या स्विमिंग पूलमध्ये सराव सुरू झाला. जेवणात माझ्याइतकी नाटकं कोणी करत नाही, असं खुद्द माझ्या बायकोने सांगितल्यामुळे ट्राउटची भूमिका मला मिळाली. फिल्टरचं पाणी येतं तिथे मी नाकापर्यंत बुडून उभा. भाऊ पलीकडून काठी झुलवून टोक मोडलेला गळ माझ्यापुढे सोडत. किडा पाण्याबरोबर सहज वाहत आला तर मान डोलवायची, दोरीने ओढल्यासारखा आला तर तोंड फिरवायचं. एकदा वॉचमनने विचारलं, "साब, मछली किधर है?" भाऊंनी गंभीरपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

चौथी रजा शेवटची. पुढे निवृत्ती, नाशिक, आणि मेव्हणीची तंबी: या खेपेला मासा लागला नाही तर ही काठी बैठकीतल्या पडद्याला.

मी कंपनीच्या बसमध्ये असताना व्हिडिओ कॉल आला. भाऊ गुडघाभर पाण्यात, भोवती किडेच किडे. आपला किडा त्यांनी कॅमेऱ्यापुढे धरला.

"ट्राउटराव, चारदा नाकारलाय. तुम्ही खाल्ला असता का?"

मी खरे किडे निरखले, मग त्यांचा. "भाऊ, पोटाशी जाड झालाय. माझ्यासारखा."

त्यांनी नेलकटरने पिसं कातरली आणि फोन शर्टाच्या खिशात टाकला. माझ्या खांद्यावरून अर्धी बस त्या खिशाचं अस्तर बघत होती. बराच वेळ नुसतं पाणी वाजलं. मग भाऊ, अगदी हळू, "लागला." आणि थोड्या वेळाने, "जा बाबा."

काठावर थर्मास उघडत बसलेल्या मेव्हणीने मान वर केली तेव्हा पाण्यावर नुसते तरंग होते. भाऊ काठावर आले तशी तिने त्यांच्या खिशातला फोन काढून घेतला. "तुम्ही खरं सांगा. पाहिलात?"

"पाहिला," मी म्हणालो. "चांगला हातभर होता."

नाशिकच्या पडद्याला नवी काठी आली. मी अजून शुक्रवारी पूलमध्ये उतरतो, फिल्टरपाशी नाकापर्यंत उभा राहतो. समोरून काही वाहत येत नाही. आलंच एखाद दिवशी, तर नीट न बघताच खाईन म्हणतो.