नायट्रोजनवर अडून बसले तो दिवस

परीक्षक म्हणून आज ग्वाल्हेरच्या माझ्याच जुन्या कॉलेजात गेले, तर प्रयोगशाळेत अमोनियाचा तोच वास.

माझ्या तोंडी परीक्षेत तेव्हाच्या परीक्षकांनी विचारलं होतं, इलेक्ट्रॉन काढायला जास्त ऊर्जा कुठे लागते, नायट्रोजनमध्ये की ऑक्सिजनमध्ये? आवर्तसारणीत उजवीकडे ती वाढत जाते, म्हणून सगळ्यांनी ऑक्सिजन सांगितलं होतं. मी म्हटलं, नायट्रोजन.

"फिर सोच लो."

ओढणीला तळहात पुसले. "सोच लिया, सर. ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन जोडीत दाटीने बैठता है, म्हणून लवकर सुटतो..." घाबरून मराठी घुसली, पण उत्तर हललं नाही.

तेव्हा वाटलेलं, हे नापासच करणार. आज त्याच प्रश्नाला समोरच्या मुलीनं बरोबर नायट्रोजन सांगितलं, तरी मीही म्हटलं, "फिर सोच लो."

ओढून बघितल्याशिवाय कसं कळणार, किती घट्ट धरलंय ते?