वंदना ‘नको’ म्हणाली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. लालबागच्या चाळीत ज्यांच्याबरोबर वाढलो, त्या मित्रांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. उद्या रस्त्यात भेटलो तर तुम्ही तोंड फिरवणार नाही, तेवढीच सोय.

माझं काम लोकांना खूश ठेवण्याचं. हसू नका, खरंच. परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये आमचं ऑफिस आहे. चिडलेल्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, हा कंपनीचा धंदा. आणि त्या ऐकणाऱ्यांनी कंटाळून नोकरी सोडू नये हे बघायचं, हा माझा. एचआर म्हणतात त्याला. माझे वडील परळच्याच एका गिरणीत, साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांवर होते. ते कामावर खूश आहेत का, असं त्यांना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मला मात्र तेच विचारायचा पगार मिळतो.

आमच्या अभ्यासक्रमात शिकवलेलं असतं — पगार, पंखा, कँटीन हे नीट नसलं की माणूस नाराज होतो, पण नीट असलं म्हणून तो खूश होतोच असं नाही. खूश होतो तो मान मिळाला, जबाबदारी मिळाली, पुढे जायला वाट मिळाली की. मला हे फार पटलं होतं. फक्त त्यातला ‘मान’ तेवढा मी उचलला. बाकीचं — बाकीचं द्यायचं म्हणजे वरच्यांशी भांडावं लागतं. मान फुकट असतो.

आणि मान द्यायची कला मला येत होती. आमच्या चाळीच्या गणपती मंडळात माईक माझ्या हातात असायचा. एखादा कार्यकर्ता राबून वैतागला, कुरकुरायला लागला, की त्याला स्टेजवर बोलवायचं. शाल, श्रीफळ, टाळ्या. गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा मंडपाच्या बांबूवर चढलेला. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. हीच युक्ती मी ऑफिसात आणली. दर महिन्याला एकाचा सत्कार. पोरं थट्टा करायची, ‘बाकी कंपन्यांत नारळ देऊन काढतात, आपल्याकडे नारळ देऊन अडकवतात.’ मीही हसायचो. एसीच्या गारठ्यात बायका त्याच शाली पांघरून फोन घेत बसायच्या. ते बघून मला — खोटं कशाला बोलू — अभिमान वाटायचा.

वंदनाकडे अशा बऱ्याच शाली होत्या.

ती चिंचपोकळीहून चालत यायची. कुणाचंच ऐकत नाही असा ग्राहक असला की फोन तिच्याकडे जायचा. समोरचा आईबहीण काढत असला तरी हिचा आवाज चढायचा नाही. शेवटी तोच माफी मागायचा. नवीन मुली तिच्यामागे खुर्ची ओढून बसायच्या, नुसतं ऐकायला.

एक दिवस ती माझ्या केबिनमध्ये आली. म्हणाली, “सर, मला त्या फोनवरून काढा ना. दिवसभर लोकांचं ऐकून घेते नि घरी गेले की पोरीवर निघतं सगळं. काल काय नव्हतंच हो, पाणी सांडलं फक्त. मारलं मी तिला. ट्रेनिंगला कधी जागा निघाली तर बघाल? शिकवायला आवडतं मला.”

बघतो, म्हणालो. आणि पुढच्या महिन्यात तिचा सत्कार ठेवला.

इथवर ठीक आहे, असं तुम्ही म्हणाल. एचआरवाले असेच असतात. इथेच थांबलो असतो तर मीही तसंच म्हणत राहिलो असतो. पण थांबता येत नाही.

ट्रेनिंगला जागा निघाली. आमच्या मोठ्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. कुणाचं नाव सुचवावं, हे मी मनात जुळवत होतो, तोवर त्याच म्हणाल्या, “मला तर पहिलं वंदनाचंच नाव आठवलं. तिला विचारून सांगा.”

विचारायचं काय होतं त्यात? उत्तर मला पाठ होतं. बाहेर पडून उजवीकडे वळलं की तिची खुर्ची. मी डावीकडे वळलो, चहा घेतला आणि परत आत जाऊन म्हणालो — “मॅडम, विचारलं. वंदना नको म्हणाली. आहे तिथेच ती समाधानी आहे.”

का? कारण हेड ऑफिससमोर मला माझी सत्काराची पद्धत मांडायची होती. बढती न देताही माणसं टिकतात, हे मला दाखवायचं होतं, आणि माझं एकुलतं एक चांगलं उदाहरण त्या खुर्चीत बसलं होतं. ते उठून गेलं तर मी दाखवणार काय? एवढंच कारण. याहून मोठं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. हेड ऑफिसला टाळ्या पडल्या. मी वंदनाचा फोटो दाखवला होता, अंगावर शाल, डोळ्यांत पाणी. आनंदाश्रू, असं मी सांगितलं. कशाचे होते, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मग वर्षं गेली. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. मला हायसं वाटायचं, आणि आपल्याला हायसं वाटतंय याची घाणही वाटायची. मोठ्या मॅडम कंपनी सोडून गेल्या. म्हणजे खरं काय ते माहीत असलेला मी एकटाच उरलो. वंदनाची मुलगी मोठी झाली, शिकायला पुण्याला गेली. फोन करते का, असं कुणीतरी जेवताना विचारलं तेव्हा वंदना म्हणाली, “करते ना. कामापुरता.”

मागच्या वर्षी तिने राजीनामा दिला. फोन वाजला की छातीत धडधडतं, म्हणाली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटून माझ्या केबिनमध्ये आली. खुर्चीत बसली नाही.

“सर, एक विचारू? आता काय, चाललेच मी. एवढे जण ट्रेनिंगला गेले. माझं नाव कधी कुणी घेतलंच नाही का हो?”

त्या क्षणी मला कसली भीती होती? मॅडम नव्हत्या. हेड ऑफिस केव्हाच विसरलं होतं. ती कुणाकडे तक्रार करणार नव्हती. पहिलं नाव तुझंच निघालं होतं — एवढं एक वाक्य. ते ऐकून ती माझ्या थोबाडीत मारून गेली असती, पण ते घेऊन गेली असती. तेवढंही —

“नाही,” मी म्हणालो. “तसं कधी निघालं नाही, वंदना.”

“वाटलंच मला,” ती म्हणाली. “आपली तेवढी लायकी नसणार. तुम्ही मात्र मानानं ठेवलंत, सर.”

आणि ती पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. ‘सुखी राहा,’ म्हणालो.