प्लेटवरचे ठिपके

स्पिरिटचा वास आला की बंगळुरातली माझी पहिली नोकरी आठवते. मायक्रोबायॉलॉजी शिकून मी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात लागले होते. निर्जंतुक खोलीत जंतूंचं खाद्य भरलेल्या प्लेट उघड्या ठेवायच्या. त्यांवर काही उगवलं नाही की खोली पास. सोबतीला हवेच्या यंत्राची घरघर तेवढी. आत बोलायला बंदी, कारण तोंडातून जंतू उडतात. एकदा माझ्या प्लेटवर पांढरे ठिपके उगवले. साहेबांनी हिंदीत विचारलं, "आत बोललात?" "हो सर." "कोणाशी? तुम्ही तर एकट्याच होतात." मी प्लेटवर तारीख लिहू लागले. रात्रीची भाजी करपली, हे मी आत मराठीत स्वतःलाच सांगत होते. आता साहेबांच्या खुर्चीवर मी बसते. काल नव्या मुलीच्या प्लेटवर तसेच ठिपके दिसले. कोणाशी बोललीस, हे विचारलं नाही. म्हटलं, "उद्यापासून डबा घेऊन माझ्याकडे ये."